पहिला हाउस ट्रॅक: किकपासून एक्स्पोर्टपर्यंत

लॅपटॉपवर डान्स म्युझिक करायला बसणाऱ्यांची गाडी जवळजवळ नेहमी दोनच ठिकाणी अडते. एक, किक (ड्रमचा जाड, खालचा ठोका) आणि बेस (खालच्या सुरांची चाल) एकमेकांवर चढतात आणि हेडफोनमध्ये दणदणीत वाटलेला ट्रॅक मोठ्या स्पीकरवर नुसता घुमत राहतो. दोन, आठ बारचा (एक बार म्हणजे चार ठोके) लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, झकास जमतो आणि महिनोन्‌महिने तेवढाच फिरत राहतो. सिंथ (सूर बनवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) कुठला घ्यावा, प्लगिन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) कुठलं टाकावं, हे प्रश्न त्यामानाने फार छोटे आहेत.

म्हणून इथे एकच ट्रॅक हातात धरून पुढे जाऊ: हाउस, १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ ठोके), ए मायनर, साधारण सहा मिनिटं. हाउस निवडलं कारण या संगीताची मुळं तिथे आहेत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोत ते घडलं. फ्रँकी नकल्स जिथे रेकॉर्ड लावायचे त्या ‘वेअरहाउस’ क्लबवरून त्याला नाव पडलं असं मानतात. त्याची रचना उघडी असते, त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच ऐकू येतं. एकदा ते जमलं की टेक्नो किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वाढलेला, १४०च्या पुढे धावणारा ट्रान्स यांच्याकडे वळणं जड जात नाही.

सामान

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो, सोळा असेल तर उत्तम. एसएसडी हवीच. आणि वायरचा हेडफोन. ब्लूटूथवर आवाज बहुतेक वेळा शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानावर येतो. १२४ बीपीएमला एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग (त्याला इथे ‘घर’ म्हणू) १२१ मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे कळ आत्ता दाबली तर आवाज पुढच्या घरात जाऊन पडणार. अशाने हात कधीच बसत नाही.

सोनीचा एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स यांच्यासारखा बंद पाठीचा हेडफोन सुरुवातीला पुरतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ आणि लॅपटॉप कंपनीने घातलेला कुठलाही ‘सराउंड’ किंवा ‘बेस बूस्ट’ बंद करा. हे राहून गेलं तर तुम्ही मिक्स करता तो आवाज फक्त तुमच्याच लॅपटॉपवर तसा असतो.

मॉनिटर स्पीकर (आवाज आहे तसा ऐकवणारे स्टुडिओचे स्पीकर) घ्यायची घाई नको, त्याला कारण आहे. ५० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते. आपली नेहमीची दहा बाय बारा फुटांची खोली लांबीच्या दिशेने ४७ हर्ट्झच्या आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झच्या आसपास गुंजते, आणि किक-बेस नेमके तिथेच राहतात. खुर्ची दोन फूट मागे सरकवली की बेस दुप्पट, पुढे घेतली की गायब. भिंतीवर चिकटवलेला एक इंची फोम यावर काही करू शकत नाही. तो फक्त वरचे आवाज शोषतो. कोपऱ्यांत उभ्या केलेल्या जाड कापसाच्या गाद्या थोडं तरी काम करतात. तोवर खालच्या आवाजाचे निर्णय हेडफोनवरच घ्या.

ट्रॅक ज्यात बनवायचा त्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर, मॅकवर लॉजिक किंवा फुकटचं गॅरेजबँड, यांतलं काहीही चालेल. फक्त पहिले सहा महिने बदलू नका. एफएल स्टुडिओच्या ट्रायलमध्ये सगळं वापरता येतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. रीपर ६० दिवस मोफत आहे आणि वैयक्तिक लायसन्स ६० डॉलरचं. एबलटनची लाइट आवृत्ती बऱ्याच मिडी कीबोर्डांबरोबर (सॉफ्टवेअरला नोटा पाठवणाऱ्या कळफलकांबरोबर) फुकट मिळते. तिच्यात आठ ट्रॅकची (इथे ट्रॅक म्हणजे एका आवाजाची ओळ) मर्यादा आहे, पण पहिल्या हाउस ट्रॅकला आठ पुरतात. सिंथसाठी व्हायटल किंवा सर्ज एक्सटी, फ्रीक्वेन्सी डोळ्यांनी बघायला व्हॉक्सेंगोचं स्पॅन, आणि आवाजाची पातळी मोजायला यूलीनचा लाउडनेस मीटर, हे सगळं मोफत मिळतं.

विंडोजवर ऑडिओ इंटरफेस (बाहेरून जोडायचं साउंड कार्ड) नसेल तर एएसआयओ-फॉर-ऑल हा ड्रायव्हर टाका. वाजवताना बफर (आवाजाचे किती नमुने एकदम तयार होतात तो आकडा) १२८ ठेवा, म्हणजे सुमारे तीन मिलिसेकंद. मिक्स करताना ५१२ किंवा १०२४. आवाज तडतडायला लागला तर आधी चार्जर लावलाय का बघा, कारण बॅटरीवर लॅपटॉप प्रोसेसरचा वेग कमी करतो. तरीही तडतड राहिली तर जड सिंथचा ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरता तयार ऑडिओ करून ठेवा.

ठेका

एका बारमध्ये १६ घरं. किक १, ५, ९ आणि १३ वर. क्लॅप (टाळी) ५ आणि १३ वर. ओपन हायहॅट (उघडी झांज) ३, ७, ११, १५ वर, म्हणजे दोन किकच्या बरोबर मध्ये. क्लोज्ड हॅट (बंद झांज) उरलेल्या काही घरांत. असे चार बार म्हणजे १६ ठोके. तीनतालाचं एक आवर्तन जेवढ्या मात्रांचं, तेवढंच. हे लक्षात ठेवा, मांडणी करताना कामाला येईल.

आवाजाचे नमुने (सँपल) निवडताना ‘९०९’ लिहिलेले उघडा. रोलँडचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन १९८३ सालचं. त्याची किक छोटी, टोकदार, छातीवर आपटणारी. त्याच कंपनीच्या १९८०च्या टीआर-८०८ ची किक लांब आणि गोल. हिप-हॉपमध्ये ती शोभते, पण हाउसमध्ये बेसची जागा खाते. सँपल पॅकमधली किक आधीच कॉम्प्रेस करून (मोठे-छोटे आवाज दाबून सारखे करून), घासून-पुसून दिलेली असते. तिच्यावर पुन्हा कॉम्प्रेसर, पुन्हा ईक्यू (ठरावीक फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणारं साधन) असे थर चढवले तर तिचा सुरुवातीचा टोला मरतो. किक आवडली नाही तर दुसरी घ्या, तीच दुरुस्त करत बसू नका.

आता हे वाजवून बघितलंत तर यंत्रासारखं वाटेल. त्याला जिवंत करणाऱ्या गोष्टी तीन. पहिली, हॅटची व्हेलॉसिटी (नोट किती जोरात वाजते ते; जास्तीत जास्त १२७): सगळी घरं १२७ वर न ठेवता १००, ६०, ८५, ५० अशी वर-खाली करा. दुसरी, चोक: क्लोज्ड हॅट वाजली की ओपन हॅट तिथल्या तिथे थांबली पाहिजे, कारण खऱ्या हॅटच्या दोन झांजा एकाच वेळी उघड्या आणि बंद असू शकत नाहीत. ड्रम रॅकमध्ये दोन्हींना एकच चोक ग्रुप द्या. तिसरी, स्विंग.

स्विंगमध्ये सम क्रमांकाची घरं, म्हणजे २, ४, ६, ८, किंचित उशिरा पडतात. ५० टक्के म्हणजे सरळ. ५६ टक्क्यांवर १२४ बीपीएमला ती घरं साधारण १४ मिलिसेकंद मागे सरकतात. एवढ्याशा फरकाने पाय हलायला लागतो. ६२च्या पुढे गेलात तर ठेका लंगडतो. एफएल स्टुडिओमध्ये स्विंगचा आकडा वेगळ्या मापात असतो, तिथे कानानेच ठरवा. किक, क्लॅप आणि ओपन हॅट विषम घरांत असल्यामुळे त्या जागच्या हलत नाहीत, आणि तेच हवं असतं.

ढोलकी, हलगी, संबळ घालायचा मोह आपल्याकडे होणारच, आणि व्हावाही. एक अडचण मात्र ध्यानात घ्या. आपले बरेच लोकठेके दादऱ्याच्या चालीचे आहेत, ठोक्याचे तीन भाग करणारे. हाउसचा ग्रिड (घरांची चौकट) ठोक्याचे चार भाग करतो. दोन्ही एकावर एक ठेवले की तुकडे एकमेकांच्या पायात येतात, आणि सॉफ्टवेअरच्या वॉर्पने (आवाज ताणून ठेक्यात बसवायच्या सोयीने) ते ओढूनताणून बसवले तर थापेचा टोला फाटतो. उपाय असा: ग्रिड ट्रिप्लेटवर (ठोक्याचे तीन भाग) न्या, हॅटही तीन भागांतच वाजवा आणि किक चार ठोक्यांची राहू द्या. किंवा केहरव्याच्या, आठ मात्रांच्या चालीचा तुकडा निवडा. तो सरळ बसतो.

किक आणि बेस

इथे सावकाश चला, कारण पुढचं सगळं यावर उभं राहणार आहे. गणपती-वरातीत स्पीकरची भिंत लावणारे लोक ‘टॉप’ आणि ‘बेस’ अशा दोन वेगळ्या पेट्या का लावतात, ते आठवा. खालचा आवाज हलवायला वेगळी ताकद लागते. तुमच्या ट्रॅकमध्ये त्या बेसच्या पेट्यांना काम देणारी वाद्यं दोनच आहेत: किक आणि बेसलाइन. दोघांनी एकाच क्षणी एकाच पट्टीत जागा मागितली की स्पीकरला दोन्ही नीट देता येत नाहीत.

आधी बेसचा आवाज बनवा. व्हायटलमध्ये एकच ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग), सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लाट). लो-पास फिल्टर (वरचे आवाज कापणारा) २४ डीबीचा (डीबी म्हणजे डेसिबल), कटऑफ (कापणं जिथून सुरू होतं ती जागा) २०० हर्ट्झच्या आसपास. फिल्टरला एन्व्हलप (किती वेळात चढायचं, उतरायचं, टिकायचं याची आखणी) जोडा: अ‍ॅटॅक शून्य, डीके (उतरण्याचा वेळ) १८० मिलिसेकंद, सस्टेन (टिकण्याची पातळी) शून्य. व्हॉइस एकच, म्हणजे एका वेळी एकच नोट. आवाजाच्या मुख्य एन्व्हलपला मात्र अ‍ॅटॅक २-३ मिलिसेकंद द्या, नाहीतर प्रत्येक नोटेला ‘टक्’ असा खडा लागतो. आणि ऑसिलेटरवरचं फेज रँडमायझेशन शून्यावर आणा. नवख्यांचा बेस कधी जड, कधी पोकळ वाजतो आणि कारण सापडत नाही, ते कारण बऱ्याचदा हेच असतं: प्रत्येक नोट लाटेच्या वेगळ्या जागेवरून सुरू होत असते.

सूर: ए मायनर म्हणजे ए ला सा धरून आसावरी थाट. नवशिक्याने ए, सी, डी, ई, जी या पाचांतच राहावं. सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानी रागाचे सूर. यांत काहीही वाजवलं तरी सहसा बेसूर होत नाही. रागाचे सूर या यंत्रांवर बसवणं काही आजचं नाही. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या ज्युपिटर-८ सिंथ आणि टीबी-३०३ बेस सिंथवर राग वाजवून, खाली टीआर-८०८चा सलग ठोका ठेवून अख्खी रेकॉर्ड केली होती. शिकागोचा अ‍ॅसिड हाउस (टीबी-३०३च्याच आवाजावर उभा राहिलेला प्रकार) तेव्हा जन्मलाही नव्हता.

मूळ ए चा आवाज ५५ हर्ट्झचा हवा. इथे एक फसगत ठरलेली. तोच सूर एबलटनमध्ये ‘ए०’ दिसतो आणि एफएल स्टुडिओत ‘ए२’, कारण सप्तकाचे आकडे दोघे वेगळ्या जागेपासून मोजतात. व्हिडिओ एका सॉफ्टवेअरचा, हात दुसऱ्यावर, असं झालं की बेस एक-दोन सप्तकं वर किंवा खाली जाऊन बसतो. मिडी नोट क्रमांक ३३ लक्षात ठेवा, तो सगळीकडे सारखा. ४० हर्ट्झच्या खाली जाऊ नका. तिथलं अनेक स्पीकर वाजवतच नाहीत, अ‍ॅम्प मात्र तापतात.

पहिली बेसलाइन ओपन हॅटच्याच घरांत ठेवा: ३, ७, ११, १५. आता किक उघडून तिची लाट मोठी करून बघा. पॅकमधल्या किकची शेपटी सहज ४०० मिलिसेकंदांची असते. बेसची नोट किकनंतर अर्ध्या ठोक्याने, म्हणजे २४२ मिलिसेकंदांनी येते. म्हणजे शेवटचे दीडशे-एक मिलिसेकंद दोघं एकमेकांवर लोळतायत. किक २२० मिलिसेकंदांवर संपवा आणि शेवटच्या ३० मिलिसेकंदांना फेड-आउट द्या. कापण्यापूर्वी आणि कापल्यानंतर डोळे मिटून आठ-आठ बार ऐका. ईक्यूला हातही न लावता खालचा आवाज मोकळा झालेला कळेल.

बेसलाइन पुढे भरत जाईल, घर ४, १०, १४ अशा जागी नोटा येतील, काही किकवरच पडतील. तेव्हा साइडचेन लावा, म्हणजे किक वाजली की बेस आपोआप दबेल. बेसच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर, त्याच्या साइडचेनला किकचा सिग्नल. रेशो ४:१, अ‍ॅटॅक १ मिलिसेकंद, रिलीज (दाबलेलं सोडण्याचा वेळ) १२० मिलिसेकंद, आणि थ्रेशोल्ड (जिच्यावर दाबणं सुरू होतं ती पातळी) इतका खाली आणा की किकच्या वेळी ६ डीबीच्या आसपास घट दिसेल. रिलीज ३०० केला तर पुढची किक येईपर्यंत बेस पूर्ण वर येतच नाही, ट्रॅक दमल्यासारखा वाटतो. फार लहान, २० वगैरे केला तर बेस खरखरतो, कारण ५५ हर्ट्झची एक लाटच १८ मिलिसेकंदांची असते आणि कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेबरोबर वर-खाली व्हायला लागतो.

साइडचेनसाठी किकची एक मूक प्रत वेगळ्या ट्रॅकवर ठेवा. हिला घोस्ट किक म्हणतात. ट्रॅकच्या मधल्या भागात खरी किक थांबवली तरी पॅड (लांब, पसरट सूर) आणि बेसचा तो श्वास तसाच चालू ठेवता येतो.

शेवटी बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारं साधन) द्या. मोबाइलच्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ बाहेर पडतच नाही. सॅच्युरेशनमुळे ११०, १६५, २२० आणि त्याच्या वरच्या हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात, आणि कान त्यांवरून खालचा मूळ सूर ओळखतो. साधारण १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो (डावी-उजवीकडे एकच आवाज) ठेवा. बेसवर कोरस किंवा स्टिरिओ वाइडनर टाकलात तर अनेक क्लबांतल्या मोनो सबवूफरवर डावं-उजवं एकमेकांना खोडून काढतं.

कॉर्ड

एक कॉर्ड (एकदम वाजणाऱ्या सुरांचा गट) पुरे: ए, सी, ई, जी, बी, म्हणजे ए मायनर नाइन. दोन सॉ ऑसिलेटर, किंचित डिट्यून (एकमेकांपासून जरासे सरकवलेले), लो-पास १५०० हर्ट्झ, डीके ४०० मिलिसेकंद. ही कॉर्ड ऑडिओ म्हणून बाउन्स करा (फाइल करून घ्या) आणि सँपलरमध्ये (रेकॉर्ड केलेला आवाज कळांवर वाजवणाऱ्या वाद्यात) टाकून वेगवेगळ्या कळांवर वाजवा. सगळे सूर एकाच अंतराने सरकतात, आणि हाउसचा तो ओळखीचा रंग येतो. जुन्या सँपलरांत एकच कॉर्ड भरून ठेवायचे, त्यातून ही सवय आली. घर १, ४, ७ अशी तिरकी लय ठेवा. कॉर्डला १५० हर्ट्झवर हाय-पास (खालचे आवाज कापणारा फिल्टर) लावा, खाली तिचं काही काम नाही.

रिव्हर्ब (मोठ्या जागेतला घुमारा) प्रत्येक ट्रॅकवर वेगळा टाकू नका. एका सेंड ट्रॅकवर (बाकीचे ट्रॅक ज्यात थोडा आवाज पाठवतात अशा सामाईक ट्रॅकवर) एकच ठेवा: डीके दीड सेकंद, प्री-डिले २५ मिलिसेकंद, आणि रिव्हर्बच्या पुढे ३०० हर्ट्झचा हाय-पास. हा हाय-पास विसरला की मिक्समध्ये चिखल होतो. दुसऱ्या सेंडवर डिले (प्रतिध्वनी), तीन सोळांशांचा, म्हणजे तीन घरांचा, ३६३ मिलिसेकंद.

लूपमधून बाहेर

आता आठ बारचा लूप तयार आहे आणि तो छान वाजतोय. हीच धोक्याची जागा. आणखी एक आवाज घालावासा वाटेल. घालू नका. सगळे ट्रॅक निवडा आणि लूप थेट १९२ बारपर्यंत पसरवा. १२४ बीपीएमला एक बार १.९४ सेकंदांचा, म्हणजे १९२ बार सहा मिनिटं बारा सेकंद भरतात. ट्रॅक एका मिनिटात ‘पूर्ण’ झाला. इथून पुढचं काम फक्त खोडण्याचं.

पहिल्या ३२ बारमधून बेस आणि कॉर्ड काढा. किक आणि हॅट राहू द्या, १७व्या बारला क्लॅप येऊ द्या. डीजेला दुसऱ्या गाण्यात शिरायला ही मोकळी जागा लागते. ३३ला बेस. ४९ला कॉर्ड, पण फिल्टर बंद ठेवून, ६५पर्यंत हळूहळू उघडत नेत. ६५ ते ९६ सगळं चालू. ९७ला किक आणि बेस दोन्ही बंद: ब्रेकडाउन. कॉर्ड एकटी, रिव्हर्ब वाढवत. ११३पासून व्हाइट नॉइजचा (‘श्श्’ अशा सलग आवाजाचा) फिल्टर उघडत न्या, आणि १२८व्या बारचा शेवटचा ठोका पूर्ण शांत ठेवा. १२९ला सगळं एकदम परत. तबलजी तिहाई संपवून समेवर येतो तेव्हा जे होतं, तेच इथे व्हायला हवं, आणि ते त्या आधीच्या रिकाम्या ठोक्यामुळे होतं. १६१पासून एक-एक आवाज काढत शेवटी किक-हॅट.

दर आठ बारला काहीतरी छोटं बदला: एक हॅट जास्त, १६व्या बारच्या शेवटी एक किक गाळलेली, उलटी झांज. ऐकणाऱ्याला बदल सांगता येणार नाही, पण तो नसेल तर कंटाळा मात्र येईल.

मिक्स

सगळे फेडर (पातळीच्या पट्ट्या) खाली. मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) काहीही प्लगिन नको. किक एकटी वर आणा, पीक (लाटेचं सर्वांत उंच टोक) उणे ८ डीबीवर. मग बेस, किक स्पष्ट राहील इतपतच. मग क्लॅप, मग कॉर्ड, सर्वांत शेवटी हॅट. हॅट लोक नेहमी जास्त ठेवतात. सगळं वाजताना मास्टरचं पीक उणे ६च्या आसपास असू द्या. ट्रॅकवर लाल दिवा लागला तरी सॉफ्टवेअरच्या आत सहसा काही फाटत नाही, कारण आतलं गणित ३२ बिट फ्लोटमध्ये चालतं. पण मास्टरवर लाल लागला आणि १६ किंवा २४ बिटमध्ये एक्स्पोर्ट केलंत तर लाटेचं डोकं कापलं जातं आणि ते परत जोडता येत नाही.

ईक्यूने वाढवण्याआधी कमी करून बघा. ढगळ, कोंदट वाटत असेल तर कॉर्डमधून २०० ते ४०० हर्ट्झच्या दरम्यान २-३ डीबी कमी करा. कानाला टोचत असेल तर क्लॅप किंवा सिंथ ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये बघा. एखादा बदल केला की बायपासचं (बदल तात्पुरता बंद करणारं) बटण दाबून आधीच्याशी ताडा, पण दोन्हींची पातळी सारखी करून. जरा मोठं वाजलं की ते चांगलंच वाटतं; ही कानाची सवय आहे आणि तिच्यापायी खूप मिक्स बिघडतात.

म्हणूनच तुलनेला घेतलेला व्यावसायिक ट्रॅक प्रोजेक्टमध्ये टाकला की त्याचा आवाज आधी ६ ते १० डीबी खाली आणा. तो मास्टर झालेला (शेवटचा हात फिरवून मोठा केलेला) आहे, तुमचा नाही. मग स्पॅनमध्ये दोन्हींचा खालचा भाग बघा, किक आणि हॅटमधलं अंतर ऐका. मास्टरला मोनो करून एकदा ऐका. कॉर्ड नाहीशी झाली तर तिचा स्टिरिओ पसारा कमी करा. मग आवाज इतका कमी करा की खोलीतल्या पंख्याच्या आवाजापेक्षा थोडाच वर राहील. तिथेही किक, क्लॅप आणि बेसची चाल ओळखू येत असेल तर पातळ्या बऱ्यापैकी बसल्या. दर पाऊण तासाला दहा मिनिटं हेडफोन काढून ठेवा. दमलेला कान वरचे आवाज वाढवत नेतो, आणि तेवढ्यापुरतंच नाही: मोठ्या आवाजाने कानाला झालेली इजा भरून येत नाही.

एक्स्पोर्ट, आणि खरी परीक्षा

मास्टरवर आता लिमिटर (आवाज ठरलेल्या छताच्या वर जाऊ न देणारा), छत उणे १ डीबी. २ ते ४ डीबी घट होईपर्यंत आत ढकला. यूलीनच्या मीटरवर सगळ्यात भरलेला भाग उणे ९ ते उणे ८ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आला की क्लबला पुरेसं आहे. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळं उणे १४च्या पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे त्याच्यासाठी आणखी दाबून काही मिळत नाही. लिमिटर ६-७ डीबी खायला लागला आणि किक चपटी झाली, तर दोष बहुधा बेसच्या पातळीत असतो. तो दीड डीबी खाली घ्या आणि पुन्हा बघा.

वेव्ह फाइल, २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. प्रोजेक्ट सेव्ह करताना सगळे सँपल त्याच फोल्डरमध्ये गोळा करा. एबलटनमध्ये त्याला ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ म्हणतात. हे न केल्यास पेनड्राइव्ह काढला की अर्धे आवाज हरवलेले सापडतात. यूट्यूबवरून घेतलेला गाण्याचा तुकडा ट्रॅकमध्ये असेल तर अपलोड करण्याआधी काढा. त्यात रेकॉर्डिंगचा हक्क एकाचा आणि गीत-संगीताचा दुसऱ्याचा असतो, दोघांचीही परवानगी लागते, आणि ‘फक्त पाच सेकंद चालतात’ असा कुठलाही नियम नाही.

आता मिक्सएक्सएक्स हे मोफत डीजे सॉफ्टवेअर उघडा. एका डेकवर तुमचा ट्रॅक, दुसऱ्यावर १२२ ते १२६ बीपीएममधला एखादा प्रसिद्ध झालेला हाउस ट्रॅक. गेनने दोघांची पातळी सारखी करा, टेम्पो जुळवा, सिंक (आपोआप जुळवणारं बटण) न वापरता पिच फेडरने (वेगाच्या पट्टीने). टेम्पो सहा टक्के बदलला की सूर जवळजवळ एका अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणून दोन-तीन टक्क्यांच्या आतलाच ट्रॅक घ्या. समोरच्या ट्रॅकचे शेवटचे ६४ बार सुरू होताना तुमचा पहिला बार सोडा. तुमच्या डेकचा लो नॉब (खालच्या आवाजांचा) पूर्ण खाली. ३२ बार दोन्ही चालू द्या, मग पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर समोरच्याचा लो खाली आणि तुमचा वर, एकाच वेळी.

त्या क्षणी काय ऐकू येतं ते लिहून ठेवा. खाली पोकळी आली तर किक बारीक आहे किंवा तिची शेपटी जास्त कापली गेली आहे. घुमायला लागलं तर बेस अजून मोठा आहे. दोन्ही ट्रॅकच्या कॉर्ड भांडायला लागल्या तर तुमची कॉर्ड फार लवकर आली, ती आठ-सोळा बार पुढे ढकला. हॅट एकमेकींवर घसरत असतील तर टेम्पो नीट जुळलेला नाही; तो जुळूनही तीच तक्रार राहिली तर स्विंग दोन टक्के कमी करा. मग प्रोजेक्ट नव्या क्रमांकाने सेव्ह करून एवढ्याच गोष्टी दुरुस्त करा, पुन्हा एक्स्पोर्ट करा आणि त्याच ट्रॅकशेजारी पुन्हा लावा.